पन्नास यार्डांवर ताटाएवढा पसारा: चकमकीच्या रायफलीचा नेम

शिराळा तालुक्यातल्या एका शेतकरी मित्रानं विचारलंय: "पणजोबांपासून घरात असलेली चकमकीची ठासणीची रायफल वडिलांच्या पश्चात माझ्या परवान्यावर आली. नळीत आटे (आतले पीळदार चर) आहेत, पन्नास कॅलिबर. परवानगी काढून रेंजवर चालवली, तर पन्नास यार्डांवर गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत कुठंही बसतात. चाप ओढल्यावर कधी लगेच उडते, कधी 'फुस्स' करून मग. नवी नळी बसवावी का?"

नळीला हात लावू नका. निदान अजून तरी नको. दुखणं तुम्हीच लिहिलंय, फक्त शेवटी लिहिलंय: कधी लगेच, कधी फुस्स. चाप आणि बार यांच्यातलं अंतर दर खेपेला वेगळं पडत असेल, तर कितीही भारी नळी आणा, ताट ताटच राहणार. या बंदुकीत नेम म्हणजे सारखेपणा. दर बाराला तीच ठिणगी, गोळीभोवतीची तीच चिंधी, तेवढीच दारू, तेवढाच मळ. तो एकदा जमला की जुनी नळीसुद्धा वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत गोळ्या टाकते.

हे कुठल्या भरवशावर सांगतोय, ते आधी सांगतो. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, निवृत्तीनंतर साताऱ्यात एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बरीच वर्षं बसलो. तिथं येणाऱ्या ठासणीच्या बंदुका बहुतेक टोपीवाल्या (घोडा स्फोटक टोपीवर पडून उडणाऱ्या), पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, पाटण-जावळीकडच्या आणि आतून गुळगुळीत. चकमकीची, तीही आटे पाडलेली, क्वचित. ती खरी समजली मुलीकडं पेनसिल्व्हेनियात राहिलो तेव्हा. तिकडं हिवाळ्यात हरणाच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळं दोनशे वर्षांपूर्वीची ही कला तिथल्या म्हाताऱ्यांच्या हातात अजून जिवंत आहे. त्यांच्या रेंजवर दोन हिवाळे बसून मी जे उचललं, तेच खाली आहे. आपल्या हवेत त्यातलं काय टिकलं आणि काय नाही, तेही.

एक काम मात्र सगळ्यांच्या आधी. वारशानं आलेली ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. माळ्यावर तीस-तीस वर्षं पडलेल्या नळीतून बार निघालेला मी पाहिलाय. गज नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, बाहेर काढून नळीच्या अंगाला लावा. गजाचं टोक कानापर्यंत, म्हणजे बुडाजवळच्या त्या बारीक भोकापर्यंत, पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग घरी खटपट नको, सरळ परवानाधारक आर्मररकडं न्या. तुम्ही चालवलीय म्हणजे तुमची रिकामी असणार, पण प्रत्येक वेळी हे करायची सवय लावा. त्याच फेरीत बुडाचा पेच, नळीचा गंज आणि नळीवर कड्यासारखा फुगवटा, म्हणजे कडी, तपासून घ्या. आणि परवान्यावर नुसतं 'एमएल गन' (मझल लोडर, म्हणजे ठासणीची) लिहिलेलं असेल नि नळीत आटे असतील, तर परवाना शाखेत ती नोंद आधी सरळ करून घ्या. नेमाचं नंतर बघू.

आता चकमकीकडं. ठिणगी गारेची असते असं सगळ्यांना वाटतं. ती असते पोलादाची. घोड्याच्या जबड्यातली गार समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर, म्हणजे फ्रिझनवर, घासत खाली येते आणि पोलादाचे बारीक कण तासून काढते. ते कण तापून हवेत पेटतात, तीच ठिणगी. म्हणून गारेला धार हवी आणि पोलाद कडक हवं. दोन्हीपैकी एक जरी मऊ पडलं तरी रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या, वाटीत पडतात त्या दोन लाल ठिणग्या. हव्यात पांढऱ्या, भरपूर, आणि वाटीच्या मधोमध पडणाऱ्या. अंधाऱ्या खोलीत, नळी आणि वाटी दोन्ही रिकामी असल्याची खात्री करून, घोडा टाकून बघा. अर्धा निकाल तिथंच लागतो.

गार बसवताना तिची धार फ्रिझनला पूर्ण रुंदीत एकदम टेकली पाहिजे. एका कोपऱ्यावर टेकत असेल तर ती नळीच्या बाजूला ओरखडे काढते आणि ठिणग्या अर्ध्याच देते. टेकण्याची जागा फ्रिझनच्या उंचीत वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावी, म्हणजे घासायला खालचं सगळं अंग मिळतं. उतार वर ठेवायचा का खाली, यावर म्हातारे भांडतात. दोन्ही करून बघा, ज्यात ठिणग्या वाटीत पडतात ते तुमच्या घोड्याचं बरोबर. जबड्यात गारेभोवती चामडं हवंच, नुसत्या लोखंडात धरलेली गार फुटते. मी कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्याचा तुकडा वापरतो, तो घट्ट धरतो. चार-पाच बारांनंतर चामडं दबतं आणि स्क्रू सैल होतो. तो तपासायचा. बारा-पंधरा बारांनी धार बोथट होते, तेव्हा पितळेच्या छोट्या दांडीनं कडेवर हलक्या टिचक्या मारून पापुद्रे उडवायचे. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा.

गार कुठली, हा आपल्याकडचा खास प्रश्न. खरी फ्लिंट मिळते ती खडूच्या थरांत, इंग्लंडात. सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावात बंदुकीच्या गारा तासणं हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. आपला मुलूख काळ्या कातळाचा. त्याच्या पोकळ्यांत मिळते ती गारगोटी, आणि तिच्यातही दोन जाती. पांढरी, साखरेच्या खड्यासारखी दिसणारी गारगोटी घेऊ नका, तिची धार कणाकणानं झडते. मेणचट, अर्धवट पारदर्शक, फोडल्यावर शिंपल्यासारखा खळगा पडणारी अकीक जातीची मिळाली तर ती चालते. मी कोयनेच्या पात्रातल्या अशा दगडांवर बरेच बार काढलेत. एक तोटा आहे: ती फ्रिझन लवकर खाते.

फ्रिझन मऊ पडलंय का हे कळायला त्याच्या कडेला बारीक कानस लावा. कानस घसरली तर ठीक, चावली तर मऊ. मग त्याला पुन्हा पाणी द्यावं लागतं. हे काम आर्मररचं.

आता तुमची 'फुस्स'. हा आवाज कानाचा आहे. वाटीतलं रंजक पेटलं की त्याची झळ कानातून आत शिरते आणि मुख्य दारू पेटवते. झळ क्षणात शिरते. पण कानाच्या भोकात दारूच भरलेली असली तर ती वातीसारखी दाण्यामागून दाणा जळत आत जाते, आणि तेवढ्या वेळात तुमची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, निशाणावरून हललेली असते. म्हणून कान रिकामा पाहिजे. उपाय फुकटचा आहे: दारू ओतण्याआधी कोंबडीच्या पिसाचा देठ कानात खुपसून ठेवा, गोळी ठासून झाली की काढून घ्या. आत झळीला जागा तयार राहते. पीस नको असेल तर तांब्याची बारीक तार. दर बाराआधी हे झालंच पाहिजे, फक्त आठवलं तेव्हा नाही. पूर्वी किल्ला सोडताना तोफांच्या कानात खिळे ठोकून जायचे, म्हणजे शत्रूला तोफ मिळाली तरी तिचा उपयोग नाही. तुम्ही दारूनं तेच करताय, फक्त अर्धवट.

भोक अर्धं सूत, म्हणजे साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटरचं असावं. शंभर वर्षांच्या बंदुकीत ते जळून दोन मिलिमीटरच्या वर गेलेलं असतं, मग दर बाराला कमी-जास्त वायू बाहेर निसटतो आणि गोळीचा वेग सारखा राहत नाही. तसं असेल तर आर्मरर त्यात नवा कान, म्हणजे पेचाची बुशी, बसवून देतो. नळी बदलण्याच्या मानानं हा खर्च काहीच नाही. रंजक अगदी बारीक दाण्याचं, आणि वाटी अर्ध्याच्या आत. वाटी शिगोशीग भरली की बार जोरात होतो असा समज आहे, होतो फक्त उशीर आणि तोंडावर धूर. रंजक कानापासून लांब सारून ठेवावं असं मला पहिल्यांदा शिकवलं होतं. दोन्ही प्रकार करून बघितले. कानाजवळ, पण कान न बुजवता ठेवलेलं रंजक लवकर पेटवतं. आणि रंजक पेटलं पण बार उडालाच नाही, तर नळी निशाणाकडंच धरून पूर्ण मिनिटभर थांबा. 'फुसका बार' हा शब्द आपण पुढाऱ्यांसाठी वापरतो, रेंजवर मात्र तो कधी कधी पंधरा सेकंदांनी खरा निघतो.

हे सगळं सुधारलं की नाही ते कानानं ठरवू नका. मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा तिवईवर लावा, बाजूला, पण कानाच्या समोर नाही, कारण तिथून आडवी झळ येते. म्हणून तुमच्या उजवीकडं माणूसही उभा करू नका. सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन असेल तर एक चित्र म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. घोडा पडल्यापासून नळीच्या तोंडातून धूर येईपर्यंत किती चित्रं जातात ते मोजा. पाच बारांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर चकमक बरी झाली. एकाचा आकडा दुपटीनं मोठा आला तर अजून कानात काहीतरी आहे.

चकमक बरी झाली तरी टोपीच्या बंदुकीपेक्षा ती हळूच. तेवढ्या वेळात तुम्ही डोळे मिटता आणि खांदा आखडता. मिटत नाही म्हणणाऱ्यांची एक परीक्षा मी घेतो. नळी रिकामी, आर्मरर किंवा मित्र शेजारी. वाटीत कधी रंजक टाकायचं, कधी नाही, हे मित्रानं ठरवायचं, नेमबाजाला कळू द्यायचं नाही. रिकाम्या वाटीवरही नळी खाली झुकली की मनातली गोष्ट उघडी पडते. माझी झुकली होती, सैन्यात वीस वर्षं काढूनसुद्धा. इलाज सराव. जबड्यात गारेऐवजी लाकडाचा तुकडा धरून रोज दहा-वीस वेळा घोडा टाका, म्हणजे फ्रिझन झिजत नाही, आणि घोडा पडल्यावरही माशी कुठं आहे ते एक-दोन म्हणेपर्यंत बघत राहा. बार झाल्यावर माशी कुठं होती हे सांगता आलं नाही, तर तो बार मोजू नका.

मग गोळी आणि चिंधी. आटे पाडलेल्या नळीत गोल गोळी थेट बसत नाही. तिच्याभोवतीची चिंधी आट्यांत घुसते आणि गोळीला फिरवते. तुमची नळी 'पन्नास' म्हणतात, पण जुनी हातची नळी छापल्या आकड्याला जागत नाही. आधी मोजून घ्या. खरंच पाचशे थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) निघाली तर चारशे नव्वद थाउची गोळी आणि साधारण पंधरा थाउ जाडीची चिंधी, इथून सुरुवात करा. ठासताना अंगठ्यानं जात नाही, पण ठोकावंही लागत नाही, इतकं घट्ट हवं. गोळी शुद्ध मऊ शिशाची. चाकाच्या वजनांचं शिसं कडक असतं, ते नको. चारशे नव्वद थाउची शिशाची गोळी साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. सोनाराच्या छोट्या काट्यावर सगळ्या तोला. एक-दोन ग्रेननं हलकी निघाली तर आत पोकळी आहे, पुन्हा वितळवा. ओतताना राहिलेलं बोंड ठासताना वरच्या बाजूला ठेवायचं. आणि शिसं वितळवायचं उघड्यावर, स्वयंपाकघरात कधीच नाही.

चिंधीसाठी अमेरिकेत लोक पट्ट्यापट्ट्यांचं उशीचं जाड कापड वापरतात. बघितलं आणि हसलो: आपलं गादीपाटच की! विट्याच्या मागावरचं घट्ट विणीचं सुती कापड असेल तर त्याहून चांगलं काही नाही. मात्र दुकानदार सुती म्हणतो आणि त्यात पॉलिस्टर निघतं. एक धागा काडीवर जाळून बघा, वितळून गोळा झाला तर कापड परत द्या. खळ जाईपर्यंत दोनदा धुवा. वंगणाला मशीन ऑइल नको, त्याचा नळीत डांबरासारखा थर बसतो. मी मधमाशीचं मेण आणि एरंडेल वापरतो. मेण महाबळेश्वरकडचं आणतो, तिथं मधपाळांची कमी नाही. उन्हाळ्यात मेण थोडं जास्त, थंडीत एरंडेल जास्त.

आणि उडालेल्या चिंध्या उचला. नळीच्या तोंडापुढं दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या असतात, लोक पायाखाली तुडवतात. नळीचा सगळा रिपोर्ट त्यांच्यावर असतो. मधे काळसर गोल, कडेला आट्यांचे ठसे आणि कापड शाबूत, म्हणजे ठीक. मधे जळून भोक पडलंय, तर चिंधी पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त. ठशांच्या रेघेवर चिरली आहे, तर नळीच्या तोंडाच्या कडेला धार किंवा खवटा आहे. शंभर वर्षं लोखंडी गज आत-बाहेर केल्यावर तोंडाची कड एका बाजूनं झिजलेली असते, आणि गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा. ती सारखी करणं आर्मररचं अर्ध्या तासाचं काम. मी पाहिलेल्या निम्म्या 'खराब' नळ्या या एका कडेपायी खराब ठरलेल्या होत्या.

दारूवर थोडक्यात. परवानाधारक विक्रेत्याकडचीच काळी दारू, परवान्यात जेवढी बसते तेवढीच. घरी कुटू नका आणि काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत चुकूनही घालू नका, नळी फुटेल. मापी कायम एकच. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ओतणं नाही, आत एखादा निखारा असला तर हातातलं शिंगच उडतं. आर्मररनं नळी पास केली असेल तर पन्नास ग्रेनपासून सुरुवात करा, पाच-पाचनं वाढवा, प्रत्येक मापाचे पाच बार वेगळ्या कागदावर. कुठल्या तरी मापावर पसारा आवळतो आणि पुढं पुन्हा सुटतो. आवळला तिथं थांबा. जास्त दारू म्हणजे जास्त नेम नव्हे. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळीला कडी पडते. गजावर भरलेल्या बाराची खूण करून ठेवा, आणि ठासायचा जोर दर वेळी तोच.

आता आपली हवा, ज्याबद्दल पेनसिल्व्हेनियात कुणी मला काही सांगितलं नव्हतं. काळ्या दारूचा मळ पाणी ओढतो. महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिथं दमट दिवशी मळ चिकट होतो आणि वाटीतलं रंजक दहा मिनिटांत ओलसर पडून कालवण होतं. तिथं दर बाराला वाटी कोरडी पुसायची आणि रंजक अगदी शेवटच्या क्षणी टाकायचं. तीच बंदूक जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत मार्चमध्ये चालवा, मळ खापरासारखा कडक होतो आणि चौथी गोळी अर्ध्या नळीत अडकते. तिथं दर बारानंतर ओलसर चिंधी एकदा, कोरडी एकदा. तुमचं शिराळा यांच्या मधलं, त्यामुळं तुम्हाला दोन्ही अनुभव येणार. पुसायचं की नाही यापेक्षा दर बारानंतर तेवढंच पुसायचं हे पाळा. पहिला बार स्वच्छ नळीतून आणि पाचवा घाणेरड्या नळीतून गेला, तर त्या दोन वेगळ्या बंदुका झाल्या.

लाकूडही पाणी पितं. श्रावणात फुगलेला दस्ता नळीला एका अंगानं ढकलतो, उन्हाळ्यात सोडतो, आणि नेम वीतभर सरकतो. चकमकीचे स्क्रू फार आवळले तर फुगलेल्या लाकडात घोडा घासत पडतो, तेही एक 'फुस्स'चं कारण. चकमक बाहेर काढून तेवढ्या जागी लाकडावर काळा घासल्याचा डाग दिसतोय का बघा.

माशी सगळ्यात शेवटी. मी ती सगळ्यात आधी घासली होती. गोळी खाली बसत होती, माशी कमी केली की गोळी वर जाते हे बरोबरच. पण मग दारूचं माप बदललं, गोळी आणखी वर गेली आणि माशी उरली नव्हती. नवी बसवावी लागली. माशी आणि मागची खाच यांच्यात ७५० मिलिमीटर अंतर असेल, तर पन्नास मीटरवर एक सेंटिमीटर सरकायला ०.१५ मिलिमीटर पुरतात. म्हणजे कानशीचे दोन हात, मग बार काढून बघायचं. मागची खाच मात्र गोळी जिकडं न्यायची तिकडंच सरकवायची. आणि पवनचक्क्या फिरतायत अशा दिवशी कुठलाच नेम बसवू नका. गोल गोळी वाऱ्याला फार ऐकते. चाळकेवाडीच्या पठारावर एकदा उभं राहिलं की हे सांगावं लागत नाही.

टेकण दस्त्याच्या लाकडाला द्या, नळीला नाही, आणि दर वेळी त्याच जागी. एका वेळी एकच गोष्ट बदला नि वहीत लिहा. संध्याकाळी नळी आणि वाटी साबणपाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडी करून, मगच तेलाचा हात. पाण्यानं बंदूक गंजते म्हणून नुसतं तेल चोळणाऱ्यांच्या नळ्या मी दिवाळीनंतर तांबड्या झालेल्या पाहिल्यात. मळातले क्षार तेलात विरघळत नाहीत.

पुढच्या खेपेला रेंजवर जाल तेव्हा देठ, कान, रंजक एवढंच बदला, बाकी काही नाही. पाच बार काढा, पाच चिंध्या उचला, त्यांचे आणि कागदाचे फोटो मला दाखवा. नळीचं काय करायचं ते त्या चिंध्या बघून सांगतो.